लोहपुरुषाची पदवी

आपल्या देशात थोर पुरुषांना पदवी देण्याची रीत जुनी आहे. बाळ गंगाधर टिळकांना जनतेने 'लोकमान्य' म्हटले. सरदार वल्लभभाई पटेल यांना 'लोहपुरुष' म्हटले. ह्या पदव्या कोणत्या दरबारात मिळाल्या नाहीत, की कोणत्या कचेरीत त्यांची नोंद झाली नाही. लोकांनी त्या प्रेमाने दिल्या आणि लोकांनीच त्या जपल्या. दुसऱ्या काही पदव्या आखाड्यात मिळवाव्या लागतात. १९६१ सालापासून महाराष्ट्रातील मल्ल 'महाराष्ट्र केसरी' ह्या पदवीसाठी झुंजत आले आहेत. अनेक मल्ल आखाड्यात उतरतात, परंतु एका स्पर्धेत ही पदवी एकाच मल्लाला मिळते.

ह्या दोहोंहून निराळी अशी एक पदवी आज जगभर प्रसिद्ध आहे. ती एका शर्यतीत मिळते. मात्र ती केवळ पहिल्या आलेल्याला मिळत नाही. नेमलेल्या वेळेत जो कोणी शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचेल, तो तिचा मानकरी होतो. ह्या शर्यतीचे नाव 'आयर्नमॅन', म्हणजे लोखंडाचा माणूस. ती कशी जन्मास आली, तिच्या नावाचा व्यापार कसा वाढला आणि त्या व्यापाराच्या हाती न लागणारे असे तिच्यात काय आहे, हे आपण ह्या पाठात पाहू.

ही शर्यत 'ट्रायथलॉन' ह्या प्रकारात मोडते. ट्रायथलॉन म्हणजे त्रिविध शर्यत. तीत प्रथम पोहावयाचे, मग सायकल चालवावयाची आणि शेवटी धावावयाचे असते. आयर्नमॅन शर्यतीत पोहण्याचे अंतर सुमारे ३.८६ किलोमीटर, सायकलीचे सुमारे १८० किलोमीटर आणि धावण्याचे ४२.१९५ किलोमीटर असते. हे सर्व एकाच दिवशी, एकामागून एक करावयाचे असते. कपडे बदलण्यास लागणारा वेळही हिशेबात धरला जातो. साधारणपणे १७ तासांच्या आत शर्यत पुरी करावी लागते. पहाटे पाण्यात उतरलेला स्पर्धक मध्यरात्रीच्या सुमारास पोहोचला, तरी त्याला मानकरी समजतात.

नुसत्या आकड्यांवरून ह्या श्रमाची कल्पना येणार नाही. म्हणून आपण पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील दोन परिचित गावे डोळ्यांसमोर आणू. घोड नदीच्या काठी शिरूर आहे आणि भीमेच्या काठी दौंड आहे. नदीकाठी वाढलेल्या मुलास पोहणे नवे नसते, परंतु ३.८६ किलोमीटर पोहणे म्हणजे पन्नास मीटर लांबीच्या तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सत्त्याहत्तर वेळा जाणे होय. पाण्यातून बाहेर पडलेल्या त्या माणसाने ओल्या अंगाने सायकलीवर बसावे आणि शिरूरहून सुमारे ६७ किलोमीटरांवरील पुण्यास जाऊन परत यावे, तरी सायकलीचे अंतर पुरे होत नाही. आणखी सुमारे पंचेचाळीस किलोमीटर उरतातच. तेही पुरे झाले म्हणजे सायकल टाकून धावावयास लागावयाचे. दौंडहून बारामतीस जाणारा लोहमार्ग सुमारे ४४ किलोमीटरांचा आहे. ज्या वाटेने आपण आगगाडीत बसून खिडकीबाहेर पाहत जातो, जवळजवळ तेवढी वाट थकलेल्या पायांनी धावत संपवावयाची, असा हा प्रकार आहे.

असे विलक्षण अंतर कोणी ठरविले असेल? एखाद्या शास्त्रज्ञाने माणसाच्या बळाची मोजणी करून ते काढले असावे, असे आपल्याला वाटेल. खरी हकिगत फार साधी आहे.

अमेरिकेतील सॅन डिएगो शहरात १९७४ सालच्या सप्टेंबर महिन्यात धावपटूंच्या एका मंडळाने मिशन बे येथे त्रिविध शर्यत भरविली. जॅक जॉनस्टन आणि डॉन शानहान हे तिचे योजक होते. तिची अंतरे लहान होती आणि ४६ जणांनी तीत भाग घेतला. त्यांत अमेरिकेच्या नौदलातील एक अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी हेही होते. पुढे कॉलिन्स यांची नेमणूक प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर झाली.

१९७७ साली हवाईतील ओआहू बेटावर धावण्याची एक सांघिक शर्यत झाली. तिच्या बक्षीस समारंभात खेळाडूंमध्ये वाद रंगला. पोहणारे म्हणाले, आमचे शरीर अधिक काटक. धावणारे म्हणाले, छे, आमचेच! कॉलिन्स यांनी एका नियतकालिकात वाचले होते, की बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स ह्याचे शरीर इतर कोणाही खेळाडूपेक्षा अधिक प्राणवायू वापरू शकते. तेव्हा सायकलस्वारांचा पक्षही पुढे आला. असा वाद शब्दांनी कधी मिटत नाही. कॉलिन्स यांनी त्यावर एक तोड सुचविली. बेटावर तीन मोठ्या शर्यती पूर्वीपासून होत होत्या: वायकिकीच्या समुद्रातील पोहण्याची, बेटाला वळसा घालणारी सायकलीची आणि होनोलुलूची मॅरेथॉन. ह्या तिन्ही एकाच दिवशी एकापुढे एक का लावू नयेत?

सायकलीची मूळ शर्यत ११५ मैलांची होती आणि ती दोन दिवस चाले. तिच्यातील तीन मैल कमी केले आणि बेटाला उलट दिशेने वळसा घातला, तर सायकलीची सुरुवात पोहण्याच्या शेवटाशी आणि तिचा शेवट मॅरेथॉनच्या आरंभाशी जुळत होता. म्हणून ते अंतर ११२ मैल, म्हणजे सुमारे १८० किलोमीटर ठरले. आज जगातील कोणत्याही देशात ही शर्यत झाली, तरी तेच अंतर प्रमाण मानतात. एका बेटावरील रस्त्याचा हा योगायोग साऱ्या जगाचे माप होऊन बसला! जो सर्वांच्या आधी पोहोचेल, त्याला 'आयर्नमॅन' म्हणावे, असेही कॉलिन्स यांनी त्याच वेळी सुचविले. पदवीचा जन्म असा विनोदात झाला.

१८ फेब्रुवारी १९७८ रोजी पहिली शर्यत झाली. पंधरा जण पाण्यात उतरले आणि बारा जणांनी ती पुरी केली. वाटेत पाणी आणि अन्न पुरविण्याची व्यवस्था ज्याची त्याने करावयाची होती. प्रत्येकाला नियमांचे आणि मार्गाचे काही कागद दिले होते. त्यांवर हाताने लिहिलेल्या एका ओळीचा भावार्थ असा होता, की एवढे अंतर तोडा आणि मग जन्मभर खुशाल बढाया मारा. जॉन डनबर नावाचा नौदलाचा सैनिक बराच वेळ पुढे होता. परंतु धावताना त्याच्या साथीदारांजवळचे पाणी संपले आणि तो मागे पडला. गॉर्डन हॅलर पहिला आला. त्याला ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद लागली. हा पहिला लोहपुरुष नौदलात काम केलेला आणि टॅक्सी चालविणारा एक सामान्य मनुष्य होता. स्वतः कॉलिन्स यांनीही ही शर्यत सुमारे १७ तासांत पुरी केली. पैशांचे बक्षीस नव्हते आणि मोठा समारंभही नव्हता.

दुसऱ्या वर्षी, १९७९ साली, पंधराच जण शर्यतीत उतरले. त्यांत लिन लेमेअर ही एक स्त्री होती. 'आयर्नमॅन' ह्या नावात पुरुषाचा उल्लेख असला, तरी ती सर्वांमध्ये पाचवी आली. त्या वर्षी 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' ह्या साप्ताहिकाच्या वार्ताहराने ह्या शर्यतीवर मोठा लेख लिहिला आणि बेटावरची गोष्ट देशभर गेली. १९८० साली दूरचित्रवाणीचे छायाचित्रकार आले. पुढे शर्यतीची व्यवस्था व्हॅलरी सिल्क ह्या बाईंनी हाती घेतली आणि १९८१ साली ती ओआहूवरून हवाईच्या मोठ्या बेटावरील कोना येथे नेली. तेथे ज्वालामुखीच्या काळ्या खडकांमधून तापलेला रस्ता जातो आणि वारा सायकलस्वाराला अडवितो.

ह्याच कोना गावी फेब्रुवारी १९८२ मध्ये जे घडले, त्यामुळे पदवीचा अर्थ कायमचा बदलला. ज्युली मॉस ही महाविद्यालयात शिकणारी तेवीस वर्षांची तरुणी होती. आपल्या अभ्यासाच्या प्रबंधासाठी माहिती मिळवावी, म्हणून तिने शर्यतीत भाग घेतला होता. सर्व स्त्रियांच्या पुढे ती धावत होती. शेवटची रेषा जवळ आली आणि तिच्या पायांतील बळ सरले. ती पडली, उठली, चालू लागली आणि पुन्हा पडली. लोक मदतीस धावले, परंतु दुसऱ्याचा आधार घेतला तर शर्यत बाद होईल, म्हणून तिने मदत नाकारली. रेषा अवघ्या काही पावलांवर असताना कॅथलीन मॅकार्टनी तिच्या शेजारून पुढे निघून गेली आणि पहिली आली. मॉसला आता पहिला क्रमांक मिळणार नव्हता. तरीही ती हातांपायांवर रांगत पुढे सरकली आणि २९ सेकंदांनी तिने आपला हात रेषेवर टेकविला.

हे दृश्य लाखो लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. पहिल्या आलेल्या मॅकार्टनीचे यश कमी नव्हते. परंतु लोकांच्या मनात राहिली ती रांगणारी मॉस. जो पहिला येईल तो लोहपुरुष, असे कॉलिन्स म्हणाले होते. आता, जो अर्ध्यावर सोडीत नाही तो लोहपुरुष, असे लोकांनी ठरविले. पुढे १९८९ साली डिक हॉइट ह्या पित्याने आपल्या अपंग मुलासह, रिकसह, कोना येथील शर्यत पुरी केली. पाण्यात त्याने मुलाची होडी ओढली, सायकलीवर त्याला पुढे बसविले आणि धावताना त्याची चाकांची खुर्ची ढकलली. २०१२ साली मॅडोना ब्यूडर ह्या ८२ वर्षांच्या ख्रिस्ती जोगिणीने कॅनडात ही शर्यत पुरी केली. पदवीचे मोल अशा माणसांनी वाढविले.

जेथे मोल वाढते, तेथे व्यापारीही येतो. आपल्या बाजारपेठेत काडेपेटी, साबण किंवा चहा घेताना आपण त्यावरची 'छाप' पाहतो. कोणी कमळ छाप मागतो, कोणी घोडा छाप मागतो. छाप म्हणजे विश्वासाची खूण. पूर्वी घेतलेला माल चांगला निघाला, म्हणून आपण तीच खूण पुन्हा शोधतो. ही खूण दुसऱ्याने चोरू नये, म्हणून कायद्याने तिची नोंद करता येते. अशा नोंदलेल्या खुणेस 'व्यापारचिन्ह' किंवा 'ट्रेडमार्क' म्हणतात. 'आयर्नमॅन' हे नाव असेच व्यापारचिन्ह झाले. इंग्रजी 'एम' ह्या अक्षरावर एक टिंब ठेवून माणसाची आकृती सुचविणारे बोधचिन्ह तयार झाले. शर्यत पुरी केलेले अनेक जण ते आपल्या पोटरीवर गोंदवून घेतात. १९८६ साली टायमेक्स कंपनीने ह्या नावाचे मनगटी घड्याळ काढले. ज्यांनी कधी शर्यत पाहिली नव्हती, त्यांच्याही मनगटावर तिचे नाव आले.

नावाबरोबर त्याची किंमतही वाढत गेली. १९९० च्या सुमारास व्हॅलरी सिल्क यांनी ही शर्यत जेम्स गिल्स ह्या नेत्रवैद्यांना सुमारे ३० लाख डॉलरांना विकली. गिल्स यांच्या कंपनीने नाव वापरण्याचे परवाने देऊन देशोदेशी शर्यती वाढविल्या. २०१५ साली चीनमधील वांडा ह्या उद्योगसमूहाने ती ६५ कोटी डॉलरांना घेतली आणि २०२० साली अमेरिकेतील ॲडव्हान्स ह्या कंपनीने ७३ कोटी डॉलर मोजले. एका समारंभातील विनोदाची किंमत पन्नास वर्षांच्या आत एवढी झाली.

ह्या व्यवहारात विकले गेले ते काय? समुद्र विकला गेला नाही, रस्ता विकला गेला नाही आणि अंतरही विकले गेले नाही. जर्मनीतील रोट ह्या गावची गोष्ट ह्या बाबतीत उद्बोधक आहे. तेथील शर्यत १९८८ पासून 'आयर्नमॅन युरोप' ह्या नावाने होत असे. पुढे नावाच्या मालकांशी असलेला करार संपला आणि २००२ पासून ती 'चॅलेंज' ह्या नव्या नावाने होऊ लागली. तेच अंतर, तोच कालवा, तेच रस्ते आणि तेच प्रेक्षक राहिले. तेथे शर्यत पुरी करणारा मनुष्य ती पदवी अधिकाराने लावू शकत नाही. परंतु त्याच्या श्रमात रतिभरही उणे येत नाही. छाप नावाची असते, घाम ज्याचा त्याचाच असतो.

मराठी माणसेही ह्या वाटेने गेली आहेत. पुण्याचे जलतरणपटू कौस्तुभ राडकर यांनी ही शर्यत अनेक वेळा पुरी केली आणि मार्गदर्शक होऊन इतरांना तयार केले. जलतरणात राष्ट्रीय विजेते ठरलेले मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, स्वित्झर्लंडमधील झ्यूरिक येथे ही शर्यत सुमारे १५ तास १९ मिनिटांत पुरी केली. तेव्हा महाराष्ट्रातील पुष्कळ लोकांनी हे नाव प्रथमच ऐकले. २०१७ साली महाराष्ट्रातील पोलीस अधिकारी कृष्ण प्रकाश यांनीही ती फ्रान्समध्ये पुरी केली. पुढे परदेशी जाण्याची गरज काही अंशी सरली. २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर निम्म्या अंतराची आयर्नमॅन शर्यत झाली. तिला '७०.३' म्हणतात, कारण तिन्ही अंतरांची बेरीज ७०.३ मैल, म्हणजे सुमारे ११३ किलोमीटर होते. भारतीय सैन्यातील बिश्वोरजित सैखोम तीत पहिले आले.

ह्या शर्यतीस आज बराच खर्च लागतो. प्रवेशाचे शुल्क, चांगली सायकल आणि दूरचा प्रवास, हे सर्वांना परवडण्याजोगे नाही. हवाईतील पहिल्या शर्यतीत उतरलेल्या टॅक्सीचालकाला आजची शर्यत कदाचित महाग वाटली असती. छापेमुळे शर्यत जगभर पोहोचली हे खरे, आणि छापेमुळेच ती अनेकांच्या आवाक्याबाहेर गेली हेही खरे. एकाच गोष्टीच्या ह्या दोन बाजू आहेत आणि दोन्ही ध्यानात ठेवल्या पाहिजेत.

काटकपणा मात्र कोणत्याही कंपनीच्या दुकानात मिळत नाही आणि तो कोणाच्या परवान्याने येत नाही. दौंड तालुक्यातून दरवर्षी संत तुकाराम महाराजांची पालखी जाते. यवत आणि वरवंड येथे तिचा मुक्काम असतो. देहूहून पंढरपूरपर्यंत शेकडो किलोमीटर चालणाऱ्या त्या वारकऱ्यांत वृद्ध असतात, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया असतात. वारी ही शर्यत नव्हे. तेथे घड्याळ लावलेले नसते आणि कोणाचा क्रमांक काढीत नाहीत. तरीही 'वारकरी' हे नाव चालणाऱ्यालाच शोभते. ते विकत घेता येत नाही. ज्युली मॉसने रेषेवर हात टेकविला, तेव्हा तिनेही असेच विकत न मिळणारे काहीतरी मिळविले होते.

म्हणून, मुलांनो, एखाद्या नावाची छाप पाहून भारावून जाण्यापूर्वी त्या नावामागे कोणी काय सोसले, हे विचारीत जा. नावाचा मालक बदलू शकतो, त्याची किंमत वाढते किंवा उतरते. स्वतःच्या पायांनी पुरी केलेली वाट मात्र चालणाऱ्याच्या नावावर कायमची जमा होते.

शब्दार्थ

मानकरी : मानाचा अधिकारी
काटक : कष्ट सोसणारा, चिवट
तोड : उपाय, मार्ग
योगायोग : न ठरविता जुळून आलेली गोष्ट
बोधचिन्ह : संस्थेची ओळख पटविणारी आकृती
उद्बोधक : ज्यापासून बोध मिळतो असे
रतिभर : गुंजेएवढे, अगदी थोडे

स्वाध्याय

१. 'लोकमान्य', 'महाराष्ट्र केसरी' आणि 'आयर्नमॅन' ह्या तीन पदव्या मिळण्याच्या रीतींत कोणता फरक आहे?
२. सायकलीचे अंतर १८० किलोमीटरच का ठरले?
३. ज्युली मॉसने लोकांची मदत का नाकारली? तिच्या कृतीने पदवीचा अर्थ कसा बदलला?
४. 'छाप' म्हणजे काय? तिची कायद्याने नोंद का करतात?
५. रोट येथील शर्यतीच्या गोष्टीवरून लेखकाने काय दाखविले आहे?
६. पुढील वाक्याचे स्पष्टीकरण करा : 'छाप नावाची असते, घाम ज्याचा त्याचाच असतो.'
७. पुढील शब्दांचे विग्रह करून समास ओळखा : लोहमार्ग, लोहपुरुष, बोधचिन्ह.
८. आपल्या गावापासून १८० किलोमीटर अंतरावर कोणते गाव आहे, ते नकाशात शोधा आणि वाटेवरील गावांची यादी करा.
९. आपल्या परिसरात न थकता दीर्घ श्रम करणाऱ्या एखाद्या व्यक्तीविषयी दहा ओळी लिहा.